बंद कारखान्याच्या जमिनीखाली: पुरातत्त्वीय मूल्यमापन पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जुना कारखाना पाडून नवं बांधकाम उभं राहायचं असतं, आणि त्याआधी कुणीतरी जाऊन जमिनीखाली काय उरलंय ते पाहून यायचं असतं. ते 'कुणीतरी' तुम्ही असाल, तर हे वाचा. मी या कामात आले तेव्हा मला उत्खनन येत होतं, मूल्यमापन येत नव्हतं. दोन्हींतला फरक कळायला मला दोन दिवस आणि एक भिंत खर्ची घालावी लागली.

भिंत विटांची होती, देखणी. थापीने एकेक सांधा मोकळा करत, ब्रशने झाडत मी ती लख्ख केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचे प्रमुख आले, चराच्या काठावर उकिडवे बसले आणि म्हणाले, "छान. हिच्या आतून काय जात होतं?" मला उत्तर देता येईना. ते खाली उतरले आणि भिंतीच्या पलीकडच्या अंगावर त्यांनी बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं. ती खोलीची भिंत नव्हतीच; जमिनीखालून धूर नेणाऱ्या भुयाराची एक बाजू होती. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला चिमणी, आणि मी मधलीच नळी घासत बसले होते.

कारखान्यात सगळं कुठून तरी कुठे तरी जात असतं. कोळसा येतो, पाणी येतं, हवा ओढली जाते, उष्णता फिरते, माल निघतो, राख आणि घाण बाहेर पडते. जमिनीखाली जे सापडतं ते बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या प्रवाहाची वाट असतं. वाट कुठली ते ओळखलं, की पुढचं काय, कुठे आणि किती खोल असेल याचा अंदाज बांधता येतो.

मूल्यमापनात तीनच प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: काही उरलंय का, ते किती खोल आहे, आणि ते किती मोलाचं आहे. सगळं खणून काढायचं नाही. उत्तर मिळालं की थांबायचं. हे 'थांबायचं' मला सगळ्यात उशिरा जमलं.

१. हे काम कोण आणि कशासाठी करून घेतंय ते आधी समजून घ्या

बांधकामाची परवानगी देणारी यंत्रणा विकासकाला सांगते, 'आधी खाली काय आहे ते दाखवा.' विकासक तुम्हाला बोलावतो. पैसे त्याचे, पण उत्तर परवानगी देणाऱ्याला द्यायचं, अशी ही तिकडी आहे. इंग्लंडमध्ये १९९० सालच्या नियोजन मार्गदर्शक सूचनेने ही पद्धत रूढ केली. युरोपात १९९२च्या व्हॅलेटा कराराने, पुरातत्त्वीय कामाचा खर्च ज्या प्रकल्पामुळे ते करावं लागतं त्याने उचलावा, या तत्त्वाला बळ दिलं. अमेरिकेत संघराज्याचा पैसा किंवा परवाना गुंतलेल्या प्रकल्पांना १९६६च्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायद्यातलं कलम १०६ लागू होतं. तुमच्या कामाला कुठला नियम लागतो ते पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्या.

'कारखाना कसला आलाय वारसा?' हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेलच. 'औद्योगिक पुरातत्त्व' हा शब्द मायकेल रिक्स यांनी १९५५मध्ये एका लेखातून पुढे आणला, आणि रशियातल्या निझ्नी तागिल इथे २००३मध्ये स्वीकारलेल्या सनदेत इमारतींबरोबर यंत्रं, खाणी, गोदामं, वीज तयार होण्याच्या जागा, सगळं औद्योगिक वारशात धरलंय. वाद घालू नका. सनदेची प्रत देऊन टाका.

२. कुदळ उचलण्याआधी कागद उपसा

अर्धं उत्तर कागदावर असतं. जागेचे सगळ्या काळांतले नकाशे मिळवा, संगणकावर एकावर एक बसवा आणि कुठली भिंत कधी आली, कधी गेली ते पाहा.

नकाशांतही प्रतवारी असते. ब्रिटनमधल्या शहरांचे एकोणिसाव्या शतकातले १:५०० प्रमाणाचे सर्वेक्षण नकाशे इतके बारीक आहेत की त्यांत दिव्याचे खांबही दिसतात. पण कारखान्यासाठी खरा खजिना म्हणजे आगविम्याचे नकाशे. अमेरिकेत सॅनबर्न कंपनीने ते १८६७पासून काढले; एका इंचाला पन्नास फूट हे त्यांचं प्रमाण. विमा कंपनीला आग कुठून लागेल याची काळजी, म्हणून बॉयलर, चिमण्या, पाण्याचे नळ, सगळं नोंदलेलं. रंगही ठरलेले: गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड, करडा म्हणजे लोखंड. पुरातत्त्वासाठी कुणी मुद्दाम काढले असते तर इतके चांगले झाले नसते.

यातले सापळे असे. नकाशे एकमेकांवर बसवताना कारखान्याच्याच भिंतीचा आधार घेऊ नका, कारण ती पाडून दोन हात सरकवून पुन्हा बांधलेली असू शकते. कालव्याचा पूल, चर्च, रस्त्याची जुनी कड असं न हललेलं काहीतरी धरा. दुसरं म्हणजे, दोन सर्वेक्षणांमध्ये वीस-तीस वर्षांचं अंतर असतं. तेवढ्यात एखादी भट्टी बांधली, चालवली आणि पाडलीही गेली, तर नकाशाला तिचा पत्ताच नसतो.

नकाशांखेरीज लिलावाच्या याद्या शोधा. कंपनी बुडाली की यंत्रं लिलावात निघायची आणि यादीत प्रत्येक खोलीतलं प्रत्येक यंत्र लिहिलेलं असायचं. जुने फोटो, व्यापारी डिरेक्टऱ्या, हवाई छायाचित्रंही पाहा. आणि तिथे काम केलेलं कुणी हयात असेल तर भेटाच. एका जागेवर नकाशात कोरा चौकोन होता. तिथे पूर्वी काम केलेल्या आजोबांनी सांगितलं, "तिथे तळघर होतं, आम्ही त्यात जेवायचो, थंडीत ऊब असायची." ऊब कुठून येत होती ते आम्हाला चर खणल्यावर कळलं. शेजारून भट्टीचं भुयार गेलं होतं.

३. जमिनीत कोणतं विष आहे ते विचारा

ही पायरी कुणी गाळायला सांगितली, तर त्या जागेवर जाऊ नका. शेतातल्या उत्खननात माती म्हणजे माती असते. कारखान्याच्या जमिनीत मातीच कचरा असते. धंदा कळला की विष कळतं.

कोळशापासून दिव्याचा गॅस बनवणाऱ्या कारखान्यात डांबर आणि सायनाइडची संयुगं असतात. गॅस शुद्ध करायला लोहाचं ऑक्साइड वापरायचे आणि ते निकामी झालं की तिथेच पुरायचे. ही माती निळी असते, धुतलेल्या कपड्यांना लावायच्या निळीसारखी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कुणाचा रंगाचा डबा सांडला असेल असं वाटलं, आणि वाकून नीट बघायला लागले. मागून कुणीतरी जॅकेट धरून ओढलं. अशा जागेवर डांबरगोळ्यांचा वास आला तर तो नॅफ्थलीनचाच असतो.

चामड्याच्या कारखान्यात क्रोमियम आणि आर्सेनिक मिळतं. शिवाय काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) जिवाणू बीजाणूंच्या रूपात मातीत दशकानुदशकं टिकतात. फेल्टच्या हॅट बनवत तिथे पारा, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या जागी विषारी तेलं. आणि बॉयलर जिथे जिथे होता, तिथे त्याच्या नळांवर गुंडाळलेलं ॲस्बेस्टॉस. कारखाना पाडताना ते फुटून राडारोड्यात मिसळलेलं असतं आणि दिसायला मळक्या कापसासारखं. युरोपातल्या शहरांत न फुटलेल्या बॉम्बचाही तपास लागतो, कारण दुसऱ्या महायुद्धात कारखाने हेच लक्ष्य होते.

म्हणून भूतंत्रज्ञांनी घेतलेल्या बोअरच्या नोंदी आणि मातीच्या रासायनिक तपासणीचा अहवाल हातात पडेपर्यंत चर आखूसुद्धा नका. त्याच बोअरच्या नोंदींतून भराव किती जाड आहे तेही कळतं, म्हणजे एका दगडात दोन कामं.

४. चर कुठे घ्यायचे

सगळ्या जागेच्या दोन ते पाच टक्के क्षेत्रफळ चरांनी उघडायचं, हे प्रमाण इंग्लंडमध्ये नेहमी ऐकू येतं. मोकळ्या शेतात तीस मीटर लांब आणि दोन मीटर रुंद चर समान अंतरावर टाकतात. कारखान्यात असं चाळणीसारखं टाकून भागत नाही. इथे चर नेम धरून घ्यावा लागतो: भट्टी आणि चिमणी यांच्यामधून आडवा, पाणचक्कीच्या खड्ड्यावरून, इंजिनघराच्या कोपऱ्यावर. प्रवाह कापला जाईल असा घेतला, तर एका चरात त्याच्या दोन्ही भिंती, तळ आणि आतला भराव दिसतो. भिंतीला समांतर गेलात तर फक्त भिंत दिसेल. (माझी पहिली भिंत. दोन दिवस.)

एक-दोन चर मात्र नकाशात काहीही नाही तिथे घ्याच. मालक विचारेल कशाला. कारखान्याच्या आधीही तिथे कुणीतरी राहत असेल, आणि नकाशा काढणाऱ्याला अंगणातली भट्टी दिसली नसेल.

चुंबकीय सर्वेक्षणावर इथे फार भिस्त ठेवू नका. जमिनीत इतकं लोखंड असतं की सगळा पडदा काळा-पांढरा होऊन जातो. जमिनीत रडार लहरी सोडणारं यंत्र त्यापेक्षा बरं. पोकळ्या आणि तळघरं त्याला बऱ्यापैकी दिसतात. ओली चिकणमाती असेल तर तेही आंधळं होतं.

हे सगळं कामाच्या आराखड्यात लिहून परवानगी देणाऱ्या पुरातत्त्व अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्या. मंजुरीआधी यंत्र लावलं आणि अधिकाऱ्याने चर बदलायला सांगितले, तर ते पुन्हा खणायचा खर्च कुणाचा यावरून होणारी भांडणं मी पाहिली आहेत.

५. बरोबर काय न्यायचं

कागद: मंजूर आराखडा, जागेत शिरण्याची मालकाची लेखी परवानगी, जमिनीखालच्या केबल आणि नळांचे नकाशे, प्रदूषण अहवाल, ॲस्बेस्टॉसचा अहवाल, धोक्यांचं मूल्यांकन, सापडलेल्या वस्तू शेवटी कुठल्या संग्रहालयात जाणार त्याचं पत्र. हे शेवटचं पत्र सगळे विसरतात आणि मग खोकी ऑफिसात वर्षानुवर्षं पडून राहतात.

साहित्य: केबल शोधायचं यंत्र, उपग्रहावरून स्थान देणारं मोजणीयंत्र, लेव्हल, फोटोसाठी मोजपट्ट्या, थापी, फावडी, घमेली, ड्रॉइंग फिल्म, नोंदींचे तक्ते, पिशव्या, न पुसणारी पेनं. जाड हातमोजे, मास्क, वायू मोजणारं यंत्र. आणि एक साधं लोहचुंबक. त्याचं काम पुढे सांगते.

६. पोकलेनवाल्याशी मैत्री करा

वरचा काँक्रीटचा थर फोडायला ब्रेकर लागतो, पण त्याखाली गेलात की दात नसलेली रुंद बकेट लावायला सांगा. दातांची बकेट थरावर नांगर फिरवल्यासारख्या रेघा मारते आणि मग खालचं काही वाचता येत नाही. एका वेळी दहा-वीस सेंटिमीटरची साल काढायची, जास्त नाही. तुम्ही बकेटच्या टप्प्याबाहेर, पण चालकाला दिसेल असं उभं राहायचं आणि नजर सतत मातीवर ठेवायची. फोन खिशात.

चांगला चालक आवाजावरून सांगतो की बकेट विटेला लागली की दगडाला. त्याला सकाळी नकाशा दाखवा आणि कशाच्या शोधात आहात ते सांगा. दिवसभर त्याचेही डोळे तुमचे होतात.

'ही लाइन बंद आहे' यावर कधीही विश्वास ठेवू नका. कारखाना बंद असतो, पण त्याच्या आवारातून शेजाऱ्याची केबल गेलेली असते. खोलीबाबतही तसंच. १.२ मीटर ही जुनी ढोबळ मर्यादा सांगितली जाते, पण कारखान्याचा भराव म्हणजे सैल विटा नि राख, आणि तो त्याहून कमी खोलीवरही कोसळतो. खोल जायचं असेल तर बाजू पायऱ्या-पायऱ्यांनी मागे घ्या किंवा आधार लावा. जड वायू खड्ड्याच्या तळाशी साचतात, म्हणून उतरण्याआधी मोजा. अंगावर बेतणारी चूक इथेच होते, अहवालात नाही.

७. जमीन वाचायची कशी

आता गमतीचा भाग. वीट दिसली की आधी तिचं तोंड बघा. एका बाजूला काचेसारखा हिरवट-काळा मुलामा चढला असेल, तर ती बाजू आगीकडे होती. फिकट पिवळी, जड वीट म्हणजे उष्णता सोसणारी भट्टीवीट. तिच्यावर बहुधा बनवणाऱ्याचा शिक्का असतो. पण शिक्क्याने काळ ठरवताना जपून: भट्टीविटा महाग, म्हणून काढून पुन्हा वापरत. शिक्का एवढंच सांगतो की भिंत त्याच्या आधीची नाही. सिमेंटचंही तसंच. जोसेफ ॲस्पडिन यांचं पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४चं. तसा गिलावा दिसला तर तो त्यानंतरचा, पण भिंत त्याहून जुनी असू शकते.

चुंबक काढा. लोहारकाम झालेल्या फरशीवरची काळी माती वाळवून त्यावर चुंबक फिरवा. माशाच्या खवल्यांसारखे पातळ करडे तुकडे आणि मोहरीपेक्षा बारीक गोळ्या त्याला चिकटल्या, तर तिथे तापलेल्या लोखंडावर घण पडत होता. खवले पृष्ठभागावरून उडालेले, गोळ्या म्हणजे लोखंड जोडताना उडालेली वितळलेली मळी, म्हणजे धातूतून निघणारा टाकाऊ भाग. मीटर-मीटरवर नमुने घेऊन कुठे किती चिकटतं ते मोजलं, तर ऐरण कुठे होती तेही सांगता येतं. ऐरण शंभर वर्षांपूर्वी भंगारात गेलेली असली तरी.

जमिनीवरचं नाहीसं होतं, खालचं राहतं. इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन यांनी १७४०च्या दशकात मुशीतलं पोलाद बनवायची रीत बसवली. त्या भट्ट्यांना खाली तळघर लागे, हवा ओढायला आणि राख काढायला. वरची इमारत पाडली की तळघर तिच्याच विटांनी भरून टाकत, आणि म्हणूनच ते टिकतं. इंजिनघराचंही असंच असतं. इंजिन गेलं, पण त्याला जखडणारे बोल्ट दगडी चौथऱ्यात उभेच्या उभे मिळतात, आणि बोल्टांमधल्या अंतरावरून इंजिनाचा आकार काढता येतो. ढिगाऱ्याखाली गेलेलं सगळं नष्ट झालं असं समजू नका, याचा मोठा दाखला म्हणजे इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलची भट्टी. अब्राहम डार्बी यांनी १७०९मध्ये तिच्यात कोकवर, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशावर, लोखंड गाळलं. ती ढिगाऱ्यातून मोकळी करून १९५९मध्ये लोकांसाठी खुली केली गेली.

आणि आता थांबा. तळघराची वरची कड, एका कोपऱ्यातली खोली, भरावाचा प्रकार एवढं कळलं की पुरे. तळापर्यंत सगळं उपसणं हे पुढच्या टप्प्याचं काम, तेही कुणी मागितलं तर.

८. नोंदी

प्रत्येक थराला, प्रत्येक भिंतीला, प्रत्येक खड्ड्याला स्वतंत्र क्रमांक. कुठला कशाच्या वर, कुठला कशाला कापतो हे हॅरिस मॅट्रिक्सच्या तक्त्यात मांडायचं. एडवर्ड हॅरिस यांनी तो १९७३मध्ये तयार केला. आराखडे १:२०, छेद १:१०. नवखे काँक्रीट फेकून देतात आणि त्याखालून नोंद सुरू करतात. तसं करू नका. काँक्रीट हाही थर आहे, आणि विसाव्या शतकातला यंत्राचा चौथरा हाही इतिहासच.

मळी सगळी उचलून आणू नका. ती टनावारी असते. वजन करा, प्रकार लिहा, मूठभर नमुना ठेवा.

९. अहवाल

अहवालात सगळ्यात जास्त वाचली जाणारी गोष्ट म्हणजे खोलीचा आकडा. तो 'जमिनीखाली ६० सेंटिमीटर' असा लिहाल तर फसाल, कारण उद्या यंत्र येऊन जमीनच अर्धा मीटर खाली नेईल. समुद्रसपाटीच्या ठरलेल्या पातळीपासूनची उंची द्या. अभियंता त्याच आकड्यावर पाया ठरवतो.

'काही सापडलं नाही' आणि 'आम्ही तिथवर पोचलोच नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पाणी लागल्यामुळे चर अर्धवट सोडला असेल तर तसं लिहा. तुमच्या अहवालावरून पुढे काही ठरतं: पाया सरकवून अवशेष जागेवरच जपायचे, पूर्ण उत्खनन करायचं, बांधकाम चालू असताना कुणीतरी देखरेखीला उभं राहायचं, की काहीच नको. शिफारस द्या, निर्णय अधिकाऱ्याला घेऊ द्या.

१०. चर बुजवणं

अधिकाऱ्याने येऊन पाहिल्याशिवाय बुजवू नका. जपायच्या अवशेषांवर आधी न कुजणारं विणलेलं कापड पसरा, म्हणजे पुढे कुणी खणलं तर त्याला आपण कुठवर आलो होतो ते कळेल. विषारी माती वेगळ्या ढिगात ठेवा आणि ज्या खोलीवरून निघाली त्याच खोलीवर परत टाका. थराथराने दाबत भरा.

आणि भरलेल्या चरांचे नेमके कोपरे आराखड्यावर टाकून ठेकेदाराला द्या, सही घेऊन. एकदा मी ते दिलं नव्हतं. तीन आठवड्यांनी सकाळी साडेसहाला फोन आला: खांब ठोकणारं साठ टनी यंत्र एका बाजूला कललंय, त्याखालची जमीन मऊ का लागतेय, तुम्हाला काही माहीत आहे का?